बाकड्यावरची जागा

१

माझा हात माझ्यापेक्षा हुशार आहे, असं रामप्रसादकाका म्हणायचे. काका आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई आणि मी कॉम्प्युटर ऑपरेटर. घाटनांदूरहून टमटमने सात किलोमीटर यायचं, साडेदहाला कुलूप काढायचं, कॉम्प्युटर चालू करून तो जागा होईपर्यंत टेबल पुसायचं, ही माझी नऊ वर्षांची सवय. एकदा तो जागा झाला की मला स्क्रीनकडे बघावंही लागत नसे. दाखले डावीकडे वर, जन्मनोंदी त्याखाली आणि मधोमध शेजारी शेजारी दोन फोल्डर: डावीकडे 'हयात', उजवीकडे 'मयत'. दरवर्षी गावातल्या माणसांची पडताळणी असते. एकेकाला समोर बसवून कॅमेऱ्यात त्याचा फोटो घ्यायचा आणि त्याचा कागद 'हयात'मध्ये टाकायचा. मी माणसाशी गप्पा मारायचे आणि हात आपला कागद उचलून जागेवर टाकायचा. याचा मला गर्व होता. तो आता सांगताना तोंड वर करवत नाही, पण होता.

दिवाळीनंतरच्या सोमवारी कॉम्प्युटर चालू केला तर तो माझा राहिला नव्हता. रात्रीतून त्याने स्वतःला नवीन करून घेतलं होतं. डाव्या कोपऱ्यातलं बटण उठून मधोमध जाऊन बसलं होतं. सगळ्या खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते. मागे माझ्या मुलीचा फोटो असायचा, तिथे एक निळं, चुण्याचुण्यांचं फूल पसरलं होतं. आयकॉन त्याने स्वतःच्या मनाने लावले होते. सासरी पहिल्या दिवशी मिठाचा डबा सापडू नये, तशी माझी गत झाली.

मी अंबाजोगाईच्या प्रविणला फोन केला. आमची मशिनं तोच दुरुस्त करतो.

"ताई, आता जुनं येत नसतंय," तो म्हणाला. "नवीन रूप हाय ते. तुमी तुमच्या हातानं वळवून घ्या. सगळं सेटिंगमधी हाय."

२

मग मी ते वळवून घ्यायला बसले. रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक गोष्ट. बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेलं. खालची पट्टी बारीक केली. आयकॉन आपोआप रांगेत लावायची खूण काढून टाकली. माऊसच्या उजव्या बटणाखालची जुनी यादी परत आणायला दोन दिवस गेले, पण आणली. प्रत्येक कामाला तो 'टुक' असा एक नवा आवाज करायचा, तोही बंद केला. पंधरा दिवसांत मशीन पुन्हा माझ्या हाताला ओळखू लागलं.

राहिला मागचा फोटो. मुलीचा जुना फोटो कुठे गेला ते सापडेना. माझ्या खुर्चीवरून बाहेरचं बाकडं दिसत नाही, मध्ये भिंत येते. कोण येऊन बसलंय ते बघायला दर वेळी उठावं लागतं. म्हणून मी गंमत केली. दुपारी बाहेर जाऊन मोबाईलवर बाकड्याचाच फोटो काढला: पडवी, शहाबादी फरशी, लिंबाची सावली आणि रिकामं बाकडं. तो डेस्कटॉपला लावला.

काका बघून हसले. "आता भाईर कोन बसलंय ते उठून बघायचं काम न्हाई तुमाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर बाकड्याच्या उजव्या टोकावर ठेवलेले दोन आयकॉन बाजूला सरकले होते. मी ते परत जागेवर ठेवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा सरकलेले. बाकीच्या फोटोभर आयकॉन जिथल्या तिथे, फक्त त्या टोकाला एका माणसापुरती जागा मोकळी. नवीन मशिनाच्या नवीन खोड्या, म्हणून मी ते दोन्ही खाली नेऊन ठेवले आणि कामाला लागले.

३

त्याच दिवशी रतनबाई आल्या. आमच्या गावाच्या कडेला धनगरवस्ती आहे, बारा माणसांची. दिवाळी झाली की सगळे मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला जातात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. रतनबाई कै. धुळाजींच्या बायको. वय सत्तरच्या पुढे. यंदा त्या मेंढरांमागे गेल्या नव्हत्या, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंबाजोगाईला शस्त्रक्रियेचं शिबिर होतं, ते करून घ्यायला म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. हातात काठी, डोक्यावर पदर. ग्रामपंचायतीत आल्या की त्या बाकड्याच्या उजव्या टोकाला बसत. मला हाक मारून आत आल्या आणि दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला.

"माय, त्येंच्या मशीनमधी मी मयत हाय म्हन्त्यात," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "म्या म्हनलं, मयत मानूस यष्टीत बसून येतंय का? तर म्हन्ले, गावाकून दुरुस्त करून आना. बुधवारच्या आत. डाव्या डोळ्याचं आता झालं तर दिसंल, उशीर झाला तर न्हाई."

मी 'मयत' फोल्डर उघडलं. त्यांचा कागद तिथे होता. फोटोत त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या, आवाज येईल तिकडे बघत होत्या. तारीख होती मशीन नवीन झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची, वेळ दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं.

मला सगळं आठवलं. खरं तर मी ते विसरलेच नव्हते. वस्तीवरची बाराही माणसं जाण्याआधी एकदमच आली होती, दरवर्षीसारखी. मी एकेकाला बसवलं, बोलले, हात चालत राहिला. सगळे उठून गेल्यावर स्क्रीनकडे पाहिलं, तर मशिनाने दोन्ही फोल्डरांच्या जागांची अदलाबदल केलेली. डावीकडे 'मयत' होतं. बाराच्या बारा माणसं मी मयतात टाकली होती. मी घाईघाईने ती परत काढली. मोजली तेव्हा अकरा भरली. बारावा कुठेतरी 'हयात'मध्ये आधीच गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाहेर पाचची टमटम हॉर्न देत होती. मी यादी तालुक्याला पाठवली आणि निघाले. टमटममध्ये बसल्यावर एकदा वाटलं, की उतरून बघावं. उतरले नाही.

"वरूनच काहीतरी झालं असेल मावशी," मी म्हणाले.

दुरुस्तीच्या अर्जात एक ओळ असते, 'चूक कोणाकडून झाली' आणि पुढे सही. मी तो अर्ज काढला आणि ती ओळ कोरी ठेवली. जानेवारीत माझं कंत्राट नवीन व्हायचं होतं, ती भीती होतीच. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. अंजूताईचा हात चुकत नाही, असं अख्खं गाव म्हणायचं आणि ते मला हवं होतं.

४

अर्जाला नवीन फोटो लागतो, समोर बसवून काढलेला. गुरुवारी मी रतनबाईंना स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा उघडला. स्क्रीनवर मागची पांढरी भिंत दिसली, कॅलेंडर दिसलं, खाली स्टूल दिसलं. मध्ये दाराचा उजेड आला होता. मशीन म्हणालं: चेहरा आढळला नाही.

"मावशी, डोळे उघडे ठेवा."

"उघडेच हायत माय."

मी दार लोटून घेतलं. उजेड गेला. चेहरा आढळला नाही. स्टुलाचं फाटलेलं रेक्झिन मात्र स्वच्छ दिसत होतं. माणूस बसल्यावर ते दिसायला नको होतं. मी मान वर करून पाहिलं तर रतनबाई समोर बसलेल्या, दोन्ही हात काठीवर. मान खाली घालून पाहिलं तर रेक्झिन. कॅमेरा जुना आहे, एखादे वेळी आधीचंच चित्र धरून बसतो, असं मी मनाशी म्हटलं. प्रविणनेच कधीतरी सांगितलं होतं तसं. मी कॅमेऱ्याची खिडकी बंद केली.

"उजेड बरोबर नाही. उद्या बघू."

त्या उठल्या नाहीत. "चूक कुनाची झाली म्हनं?"

"मशीनची."

"मशीनला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "आमी मेंढरं कोंडताना येकेकीच्या पाठीवर हात ठिवून मोजताव. मला दिसंना झालं तरी मीच मोजायची. येक कमी भरली तर चुलीवर तवा चढत न्हाई. तुमी कसं मोजता?"

"आम्हीही मोजतो," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते, तेवढं त्यांना दिसत नव्हतं. त्याचं मला बरं वाटलं.

५

शुक्रवारी कॉम्प्युटर चालू केला आणि टेबल पुसता पुसता माझा हात थांबला. डेस्कटॉपवरच्या बाकड्याला, उजव्या टोकाशी, एक काठी टेकवलेली होती.

मी मोबाईल काढून मूळ फोटो बघितला. बोटांनी मोठा केला. तिथे एक लांबट काळी रेघ होती, लिंबाच्या फांदीची सावली असेल अशी. म्हणजे आधीपासून होती, मीच नीट पाहिली नव्हती. मी श्वास सोडला. मग बाहेर फरशीवर काठी वाजली, टक, टक, टक, आणि बाकडं करकरलं.

मी दारात गेले. रतनबाई येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात काका पाण्याची घागर घेऊन आले आणि त्यांनी ती बाकड्यावर ठेवली, थेट उजव्या टोकाला. रतनबाईंनी अंग चोरून घेतलं.

"काका, बघून. मावशी बसल्यात तिथं."

काकांनी बाकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोन्ती मावशी?" ते म्हणाले. मी मस्करी करते असं त्यांना वाटलं असावं, कारण ते हसले आणि घागर तशीच ठेवून आत गेले.

"आसू दे माय," रतनबाई म्हणाल्या. "मला किती जागा लागती."

काकांना हल्ली कमी दिसतं. वस्तीवरच्या माणसांकडे गावातले लोक तसंही बघत नाहीत. अशी दोन कारणं मी आत येईपर्यंत जुळवली. दोन्ही खरी होती.

सोमवारी सगळे आयकॉन कडेला गेले होते, चारी बाजूंनी भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यासारखे. मी ते हलणार नाहीत असं सेटिंग नऊ वेळा केलं असेल. फोटोत बाकड्याखाली झिजलेल्या चपलांचा जोड होता. त्या दिवशी मी मोबाईल उघडून बघितला नाही.

मी प्रविणला फोन केला. "फोटो आपोआप बदलतो का रे?"

"सेटिंगमधी टाकलं तर बदलतंय ताई. रोज नवीन."

"मी नाही टाकलं."

"मग तुमच्या हातून टाकलं गेलं आसंल," तो म्हणाला. "चुकून हात लागतंय. तुमच्यावाला लागत न्हाई म्हना."

६

मंगळवारी मी अर्ज भरायला घेतला. फोटो नसला तरी चूक कबूल केली की तालुक्याचा माणूस फोनवरही अडकलेलं काम सोडवतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. 'चूक कोणाकडून झाली' या ओळीवर मी बोट ठेवलं. माझं नाव लिहायचं होतं, दोन अक्षरांचं काम. बाहेर काठी अधूनमधून वाजत होती. माझ्या हुशार हाताने लिहिलं, 'तांत्रिक कारण'. मी ते खोडलं नाही. तसाच अर्ज पाठवला आणि अपेक्षेप्रमाणे तो तासाभरात परत आला.

बुधवारी शिबिराचा दिवस. अंबाजोगाईची एसटी अकराला जाते. मी साडेदहाला कॉम्प्युटर चालू केला. निळा उजेड आला, मग पडवी आली, फरशी आली, लिंबाची सावली आली.

बाकड्यावर कुणीतरी बसलं होतं. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हात काठीवर. बाहेरच्या माणसाचं तोंड रस्त्याकडे असतं. हिचं तोंड फोटोच्या कडेला दिसणाऱ्या ऑफिसच्या दाराकडे होतं, म्हणजे मी बसते तिकडे. चेहऱ्याच्या जागी काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सांगितलं असतं.

बाहेरून हाक आली. "माय, झालं का गं?"

बाहेर जायला दहा पावलं पुरली असती. बाहेर जाऊन म्हणायचं होतं, मावशी, चूक माझी आहे, चला, मी तुमच्याबरोबर येते, डॉक्टरांसमोर सांगते. अजून अर्धा तास होता. मी नऊ वर्षं रोज त्या दारातून ये-जा केली, पण त्या दिवशी मला तिथे जाऊन तोंड दाखवता आलं नाही. मी उजवं बटण दाबलं, यादी उघडली आणि मागचा फोटो बदलून ते निळं फूल लावलं. त्याला एक क्षण लागला.

बाहेर काठी वाजत होती. टक, टक. तिसरा आवाज आला नाही.

एसटी आली, थांबली, गेली. मी जागेवरून उठले नाही. दुपारी दार उघडलं तेव्हा बाकडं रिकामं होतं आणि काका त्याच्या उजव्या टोकाला बसून शेंगा फोडत होते.

"काका, रतनमावशी गेल्या का?"

"कोन, धुळाजीची? ती गेली की कवाच मेंढरामागं. यंदा तर दिसलीच न्हाई गावात."

मी त्याच पावली वस्तीवर गेले. त्यांच्या दाराला बाहेरून दोरी बांधली होती. आत फटीतून चूल दिसत होती आणि तिच्यावर तवा पालथा घातलेला होता.

७

सत्यमचा फोन ग्रामपंचायतीच्या नंबरवर आला, त्याला महिना होतो आहे. सत्यम रतनबाईंचा मुलगा. मागून मेंढरांचा आवाज येत होता.

"ताई, आईचं आप्रेशन झालं का? तिला दिसाया लागलं का? तिच्याजवळ फोन न्हाई, म्हनून तुमाला केला. जरा बोलवून देता का?"

गावाला वाटतं रतनबाई मेंढरांबरोबर आहेत. मेंढरांबरोबरच्यांना वाटतं त्या गावात आहेत. त्या इथे होत्या, त्या बाकड्यावर रोज येऊन बसत होत्या, हे सांगू शकेल अशी मी एकटी. आणि मी सत्यमला म्हणाले, "उद्या करा."

त्या दिवशी मी अर्ज नव्याने लिहिला. चूक माझी, असं लिहिलं. अक्षर माझंच होतं. पोलिसांकडेही जाऊन आले. तिथे मशिनात बघून म्हणाले, "बाई, या तर मयत आहेत." तालुक्याहून उत्तर आलं, की आता मुदत टळली, फोनवर काम होणार नाही; अर्ज मंजूर होण्यासारखा आहे, फक्त व्यक्तीचा समोर बसवून काढलेला फोटो जोडावा. कंत्राटाचं काही आलं नाही. कोणी मला एक शब्दही बोललं नाही, आणि ते सगळ्यांत अवघड जातं.

मशीन आता पुन्हा आलं होतं तसंच करून ठेवलंय. बटण मधोमध, मागे निळं फूल, कामागणिक 'टुक'. काका विचारतात, तुमच्या हाताला पडंल तसं का करून घेत न्हाई. मी म्हणते, होईल सवय. फोल्डरचं नाव दर वेळी ओठ हलवून वाचते, मगच कागद टाकते. मागे रांग लागते, लोक चुळबुळ करतात.

रोज सकाळी टेबल पुसून झालं की मी स्टूल समोर ठेवते, कॅमेरा उघडते आणि म्हणते, "बसा मावशी." स्क्रीनवर भिंत, कॅलेंडर, फाटकं रेक्झिन. चेहरा आढळला नाही. रोज ते वाचून मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटतं याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज सकाळी स्टूल ठेवलं. "बसा मावशी," म्हणाले. रेक्झिन दिसेना. दाराचा उजेड आला असेल म्हणून मी वळून पाहिलं, तर दार लोटलेलं होतं आणि स्टूल रिकामं होतं. मशिनाने 'टुक' केलं.

चेहरा आढळला.

खाली दुसरी ओळ आली. कृपया डोळे उघडा.